जौनपुरीतल्या टाळ्या

बोरिवली, ६ जानेवारी २०२५

नंदूदादा,

वाकून नमस्कार करायला माझी कंबर राहिली नाही आणि आशीर्वादाला हात वर करायला तुझा खांदा. तेव्हा ते दोन्ही झालं असं समज आणि पुढे वाच.

आई फोन का उचलत नाही म्हणून तू मिहिरवर ओरडलास म्हणे. माझ्या लेकावर ओरडायचं नाही. फोन उचलून मी काय करू? उजवा कान दिवाळीतच गेला. डावा आहे, पण त्याचीही नस सुकत चाललीय, दोन-तीन महिने धरा असं डॉक्टर म्हणाले. मशीन लावलं की माणसं पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी वाटतात. श्रुतिका म्हणते, "आई, मामांना व्हॉट्सॲप करा ना." सूनबाईंना बोलायला काय जातं! त्या काचेवर एकेक अक्षर टिपत बसायचं म्हणजे चष्मा लावून मोहरी निवडायची. त्यापेक्षा पोस्ट बरं. मुलुंडहून इथे यायला पत्राला चार दिवस लागतात, लागू देत.

काम असं आहे. मिहिरने रेकॉर्ड प्लेयर आणलाय. म्हणाला, आई, कान आहे तोवर ऐकून घे. डावा कान स्पीकरला लावला की शब्द कळत नाहीत, पण सूर अजून कळतो. मला वनमालाबाईंची 'सकाळची मैफल' ऐकायचीय. हो, मलाच. दचकू नकोस. घाटकोपरच्या त्या मांडवात बाईंच्या मागे तंबोरा घेऊन मीच बसले होते आणि तरी पंचेचाळीस वर्षं मी ती रेकॉर्ड पुन्हा घरात येऊ दिली नाही. माझी प्रत तर मी रद्दीवाल्याला दिली होती. अबोलीने मोबाईलवर शोधून पाहिलं, नातीला माझ्या नुसती भैरवी सापडली.

तू तेव्हा ती रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीतच टेपच्या कामाला होतास. तुझ्याकडे दोन्ही तबकड्या असणार. घेऊन ये, नाहीतर मिहिर येऊन नेईल. आणि तोवर त्यात काय काय आहे ते मला लिही. मला त्या सकाळची बाईंची फक्त पाठ आठवते. समोरून कसं ऐकू येत होतं ते कानाला हेडफोन लावून बसलेल्या माणसालाच ठाऊक.

तुझी,
कुंदा


मुलुंड, १४ जानेवारी २०२५

कुंदे,

पाकिटात तिळाची वडी घालणार होतो. तुझी वहिनी म्हणाली, पोस्टात तिचा भुगा होईल आणि मुंग्या आधी वाचतील तुमचं पत्र. मीराशी वाद घालण्यात अर्थ नसतो, तेव्हा नुसतंच गोड बोल.

कानाचं वाचून वाईट वाटलं गं. आपल्या घरात सगळ्यात तिखट कान तुझा. कुकरच्या शिट्टीचा सूर कोणता ते सांगायचीस आणि बाबा हसत सुटायचे.

काल सकाळी तबकड्या काढल्या. पहिली बाजू लावली. आधी नुसता मांडव ऐकू येतो. खुर्च्या सरकतात, कुणीतरी माइकवर फुंकर मारतं, एक कावळा ओरडतो. तो कावळा काढून टाका म्हणून साहेब मागे लागले होते आणि बाई म्हणाल्या होत्या, असू दे, तो माझ्या आधी आलाय. मग तंबोरे. डावीकडचा तुझा, खर्जाला जरा जास्त रेंगाळणारा. आणि मग तोडीतला बाईंचा षड्ज. कुंदे, इतकी वर्षं ऐकतोय, पण बाईंनी सूर 'लावला' असं मला कधी वाटत नाही. तो तिथे होताच, बाईंनी नुसतं तोंड उघडलं असं वाटतं. विलंबितात कोमल गंधारावर येतात तेव्हा सगळा मांडव गप्प होतो. टेपवर शांततेचाही आवाज येतो, बरं का. माणसं श्वास धरतात तो.

तिसऱ्या बाजूला ठुमरी. मध्येच बाईंना हसू येतं, पेटीवाल्याने काहीतरी भलतंच सुंदर वाजवलंय आणि त्या गाता गाताच त्याला "अरे वा, चोरा!" म्हणतात. चौथीला भैरवी. भैरवीच्या शेवटी टाळ्या येत नाहीत. बराच वेळ येत नाहीत. मग पहिली टाळी कुणीतरी घाबरत घाबरत वाजवतं. प्रत्यक्ष मैफलीची रेकॉर्ड पुष्कळांनी काढली, पण ऐकणाऱ्यांचा जीव इतका स्पष्ट उतरलेला मी दुसरीकडे ऐकला नाही.

मिहिरला पाठवू नकोस. तबकड्या जुन्या आहेत, गाडीच्या उन्हात वाकतील. मीच आणीन. गुडघा जरा बरा होऊ दे.

नंदू


बोरिवली, २३ जानेवारी २०२५

नंदूदादा,

पत्र दोनदा वाचलं. पहिली बाजू, तिसरी बाजू, चौथी बाजू. दुसरी कुठे गेली रे? मला बहिरी म्हण, मूर्ख नको.

तुला वाटत असेल कुंदाला दुखेल. दुखतंच. म्हणून आज सगळं लिहून टाकते, माझ्या सासरी त्या दिवशी काय झालं ते मी तुला कधी धड सांगितलं नाही.

दुसऱ्या बाजूला जौनपुरी. मध्यलयीत बाईंनी मान वळवली आणि मला म्हणाल्या, "घे." मी घेतलं. तेविसावं वर्ष, पण गळ्याला काय झालं कोण जाणे, गेला तो सरळ वरच्या गंधाराला. बाई म्हणाल्या, "परत घे." मी परत घेतलं. आणि टाळ्या पडल्या. बाईंच्या नव्हत्या, माझ्या होत्या. आयुष्यात एकदाच.

पुढे लग्न झालं. गणपतीत रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा मामंजी स्वतः जाऊन घेऊन आले. सासूबाईंनी चाळीतल्या चौघीजणींना बोलावलं, चहा टाकला, सांगितलं, आमची सून गायलीय यात, ऐका आता. जौनपुरी आली. टाळ्या आल्या. मी नव्हतेच! माझं सगळं कापलेलं. चौघीजणी माझ्याकडे बघायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, पुढे असेल, पुढे असेल. बाजू संपली. चौघीजणी कप खाली ठेवून उठल्या. मी म्हटलं, बाईंनी काढायला लावलं असेल.

दुसरं कोण लावणार? टाळ्या मला पडल्या आणि त्या बाईंना खुपल्या. मी तंबोरा गवसणीत घातला तो घातलाच. बाईंची तीन पत्रं आली, उघडली नाहीत. त्या गेल्या तेव्हा तू विचारायला आला होतास, अंत्यदर्शनाला येतेस का म्हणून. मी पोळ्या लाटत होते आणि लाटत राहिले.

आता एकोणसत्तरावं लागलं. राग किती दिवस पोसायचा? बाईंनी मला का कापलं हे कळणार नाही, पण कुठून कापलं ते मला एकदा या कानाने ऐकायचंय. कदाचित माझं तितकं चांगलं झालं नसेल. ते जरी कळलं तरी मी बाईंना माफ करीन आणि सुटीन. दुसरी बाजू आण दादा. गुडघ्याला तेल लाव.

कुंदा


मुलुंड, ९ फेब्रुवारी २०२५

कुंदे,

उशीर झाला. पत्र लिहायला बसायचो आणि उठायचो.

दुसऱ्या बाजूचं विचारतेस तर ती जौनपुरी फार छान आहे, एवढं सांगतो. आमच्या इथे श्रवण मंडळ आहे, महिन्यातून एकदा पंधरा-वीस म्हातारे जमून रेकॉर्ड ऐकतात आणि माना हलवतात. त्यात एक चंद्रप्रकाश म्हणून आहेत. त्यांनी त्या टाळ्यांवर अर्धा तास भाषण दिलं. म्हणाले, बघा, इथे बाईंनी काहीच केलेलं नाही, साधा मुखडा घेतलाय आणि तरी टाळ्या. म्हणजे या टाळ्या बाईंच्या संयमाला आहेत! सगळ्यांनी वा वा केलं. मीही केलं. रसिक माणसं काय वाट्टेल ते शोधून काढतात.

सासूबाईंचं आणि त्या चौघीजणींचं मला ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं. मामंजी स्वतः रेकॉर्ड आणायला गेले होते, हेही नव्हतं.

आमच्या प्लेयरची सुई तुटली आहे. नवी मिळेपर्यंत तबकड्या तपासून बघता येणार नाहीत, ओरखडा असला तर तुझा हिरमोड होईल. फेब्रुवारी जाऊ दे. कानाला जप, थंडीत रुमाल बांध.

नंदू


बोरिवली, १८ फेब्रुवारी २०२५

दादा,

सुई तुझी तुटलीय, माझी नाही. माझ्या प्लेयरला सुई आहे.

काल अबोली पेटीवर सा धरून बसली होती. मला सा आणि रे यांतला फरक कळायला वेळ लागला. तुला समजतंय ना मी काय लिहितेय ते?

माझ्यासाठी आयुष्यात एवढी एक गोष्ट कर. या रविवारी ये. टॅक्सीचं मिहिर बघेल.

कुंदा


मुलुंड, २० मार्च २०२५

कुंदे,

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मिहिरचा फोन आला. डावाही गेला. "मामा, आता घाई नाही," म्हणाला. त्याने साधेपणाने म्हटलं, पण फोन ठेवला तसा मी लिहायचा कागद काढला.

आता लिहितो. आधी लिहायला हवं होतं, पंचेचाळीस वर्षं आधी.

तुला बाईंनी कापलं नाही. मी कापलं.

तुझा साखरपुडा झाला आणि पुढच्याच महिन्यात ते रीळ माझ्या टेबलावर आलं. तबकडीच्या एका बाजूला बावीस-तेवीस मिनिटं बसतात आणि जौनपुरी दोन मिनिटं जास्त होत होती, हे खरं. साहेबांनी मला बाईंकडे पाठवलं, काय काढायचं विचारून ये म्हणून. बाई तेव्हा पार्ल्याला राहायच्या. त्या म्हणाल्या, "माझ्या ताना काप रे, माझ्या पुष्कळ आहेत. पोरीचं तेवढं राहू दे." हेच शब्द, कुंदे. मी काही बनवून सांगत नाही.

त्याच आठवड्यात तुझं लग्न जमवणारे राजारामकाका घरी आले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, मुलाकडच्यांना घरात गाणारी चालेल, बाजारात नाव झालेली नको, जरा सांभाळा. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. आईने माझ्या गळ्यात सगळं टाकलं होतं. हे स्थळ मोडलं तर तुझं काय, या विचाराने माझी पाचावर धारण बसली. मुलाकडे जाऊन सरळ विचारावं हे मला सुचलं नाही. मी ब्लेड उचललं.

तुझी सगळी आवर्तनं समेपासून समेपर्यंत काढली आणि दोन टोकं चिकटवली, तबल्याच्या ठेक्याला धक्का न लावता. साहेब म्हणाले, जोड कळतसुद्धा नाही, कमाल केलीस. टाळ्या मात्र काढता आल्या नाहीत. त्या पडत असतानाच बाईंनी पुढचा मुखडा उचलला होता, टाळ्या काढल्या असत्या तर बाई गेल्या असत्या. म्हणून त्या राहिल्या. त्या मी दरवेळी ऐकल्या आहेत. चंद्रप्रकाश भाषण देत होते तेव्हा मी चहाचा कप बघत होतो.

रेकॉर्ड आल्यावर बाईंनी मला बोलावून घेतलं. मी म्हटलं, सासरची इच्छा होती. पुढे आजारी पडल्या तेव्हा भेटायला गेलो, तर विचारलं, "कुंदा येत नाही का रे?" मी म्हटलं, संसारात अडकलीय. बाई गेल्या आणि मी तुझ्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिलो. खरं सांगायलाच आलो होतो. तू लाटणं थांबवलं नाहीस आणि मी त्याचा आधार घेऊन परत गेलो. मी भ्याड आहे. मामंजी रेकॉर्ड आणायला स्वतः गेले होते हे तुझ्या पत्रात वाचलं, तेव्हा माझं एकुलतं एक निमित्तही गेलं.

आणि या वर्षी पुन्हा तेच केलं. गुडघा ठीक होता. सुई तुटली नव्हती. तू दुसरी बाजू ऐकशील, जोड तुझ्या कानाला कळेल आणि मग तू माझ्याकडे बघशील, याची भीती वाटली. म्हटलं, जरा थांबू. तुझा कान तुझ्या नशिबाने गेला असेल, पण ऐकायचं राहिलं ते माझ्यामुळे.

कापलेला तुकडा मी फेकला नव्हता. फेकवला नाही. घाटकोपरला चैतन्य म्हणून एकजण जुन्या टेपा कॉम्प्युटरवर घेऊन देतो. जानेवारीतच, तुझं पहिलं पत्र आल्यावर, त्याच्याकडून पेन ड्राइव्हवर घेतला होता. दोन महिने माझ्या टेबलाच्या खणात पडून होता, कुंदे. या पाकिटात तो आहे. दोन मिनिटं चार सेकंद. आता पाठवून काय उपयोग, असं म्हणशील. माझ्यापाशी ठेवायचा मला हक्क नाही.

नंदू


बोरिवली, २४ एप्रिल २०२५

नंदूदादा,

पाडव्याच्या आदल्या दिवशी तुझं पत्र आलं. मी ते मिहिरकडे देऊन म्हटलं, फाडून टाक. त्याने फाडलं नाही, बापावर गेलाय. मग आठ दिवस मी कुणाशी बोलले नाही, आणि बहिऱ्या बाईने बोलायचं थांबवलं की घरात लवकर कुणाच्या लक्षातही येत नाही.

तुझा राग आला तो आलाच. ब्लेडचा तितका नाही. तू तिशीतला पोर होतास, बाप नव्हता, राजारामकाकासारखी माणसं कुणालाही घाबरवतात. पण माझ्या सासूबाईंना तू ओळखलंच नाहीस रे. त्या बाईने मी तंबोरा बांधून ठेवला तेव्हा महिनाभर माझ्याशी अबोला धरला होता. आणि बाई तिकडे माझी वाट बघत गेल्या. त्यांची तीन पत्रं मी चुलीत घातली, त्यांत काय होतं ते आता कुणाला विचारू? हे मी तुला माफ करू शकत नाही. करीन असं वाटतही नाही. माझं मलाही करू शकत नाही, तुझं कुठून करू.

पेन ड्राइव्ह अबोलीने घेतला. सोळा वर्षांची पोर, कानाला ते मोठे हेडफोन लावून माझ्यासमोर मांडी घालून बसली. तिला म्हटलं, मला सगळं लिहून दाखव, एक अक्षर सोडायचं नाही. ती वहीत लिहीत गेली, मी वाचत गेले. तसंच्या तसं उतरवते.

"तंबोरा. तबला. बाई गातायत. कुणीतरी खोकलं. बाई म्हणाल्या घे. आजी, तू सुरू केलंस. अय्या, आवाज माझ्यासारखा आहे. थोडा थरथरतोय. आता नाही थरथरत. वर चाललीस. अजून वर. बाई म्हणाल्या परत घे, आणि हसल्या, हसल्याचा आवाज आहे. परत घेतलंस, आता वेगळं घेतलंस. बाई म्हणाल्या, जिवंत राहा बाळ. आजी, तू कसली भारी गायचीस यार. टाळ्या. सुरू होतात तोच संपलं."

"जिवंत राहा बाळ" हे मला ठाऊक नव्हतं. मी वरच्या गंधारावर होते, मला ऐकूच आलं नव्हतं. पंचेचाळीस वर्षांनी ते मला वहीत वाचायला मिळालं, नातीच्या गिचमिड अक्षरात. मी पुष्कळ रडले. श्रुतिका धावत आली, तिला वाटलं पडले की काय.

त्यानंतर रोज सकाळी अबोली पेटी काढते. काल मी तिच्याजवळ बसले आणि गायले. जौनपुरीच. गायले, म्हणजे माझ्या बाजूने तरी. मला माझा आवाज ऐकू येत नाही, गळा कुठे जातोय ते गळ्यालाच ठाऊक. थांबले तेव्हा अबोली रडत होती. सूर लागला म्हणून की कुठल्या कुठे गेला म्हणून, ते मी विचारलं नाही. ती लहान आहे, माझं मन राखायला खोटं बोलेल.

तुझे कान अजून चांगले आहेत. रविवारी ये. मी गाते, तू ऐक आणि कागदावर लिहून दे कसं झालं ते. वाईट झालं तर वाईट लिही. या वेळी काही कापू नकोस.

कुंदा